मोठ्या संख्या वाचताना होणारा ओव्हरफ्लो आणि त्याचा बंदोबस्त

१ जानेवारी २०२२ रोजी, नवे वर्ष उजाडताच, जगभरातील अनेक संस्थांच्या मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज सर्व्हरवरून ईमेल पुढे जाईनाशी झाली. सर्व्हर चालू होते, नेटवर्क ठीक होते आणि कोणी हल्लाही केलेला नव्हता. तरीही संदेश रांगेत साचत होते. लॉगमध्ये उमटणाऱ्या त्रुटीचा आशय एवढाच होता की ‘२२०१०१०००१’ या मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करता येत नाही. घातक मजकूर तपासणाऱ्या इंजिनाच्या प्रत्येक अद्ययावत संचाला तारखेवरून क्रमांक दिला जात असे: आधी वर्षाचे शेवटचे दोन अंक, मग महिना, मग दिवस आणि त्यापुढे आणखी चार अंक. २०२१ च्या अखेरच्या दिवशी हा क्रमांक २११२३१ ने सुरू होत होता आणि ३२ बिटांच्या साइन्ड (म्हणजे ऋण संख्याही ठेवणाऱ्या) पूर्णांकात जेमतेम मावत होता, कारण त्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे. वर्ष बदलले आणि २२ ने सुरू होणारा पहिलाच क्रमांक या मर्यादेच्या पलीकडे गेला. तातडीचा उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने पुढच्या संचाला २११२३३०००१ हा क्रमांक दिला, म्हणजे कागदोपत्री डिसेंबर २०२१ ला तेहतिसावी तारीख मिळाली.

या घटनेत एक गोष्ट सहज नजरेआड होते. संख्या वाचणाऱ्या कोडने, म्हणजे पार्सरने, आपले काम चोख केले होते. संख्या मावत नाही हे त्याने ओळखले आणि तसे स्पष्ट सांगितले. गाडी अडली ती पुढे, कारण ‘मावत नाही’ असे उत्तर आले तर काय करायचे याचा विचार त्या उत्तरावर विसंबलेल्या भागात झालेला नव्हता. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे ठरलेल्या जागेत संख्या न मावण्याच्या, प्रश्नाला अशा दोन बाजू आहेत. संख्या मावत नाही हे वेळेवर ओळखणे ही पहिली बाजू बहुतांशी गणिताची आहे आणि तिचे नेमके उत्तर उपलब्ध आहे. ओळखल्यानंतर काय करायचे ही दुसरी बाजू मात्र त्या संख्येचा अर्थ काय यावर अवलंबून असते, आणि तिथे कोणतीही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संग्रह, आपल्या वतीने निर्णय घेऊ शकत नाही.

फाइलमधून, नेटवर्कवरून किंवा फॉर्ममधून आलेली संख्या सुरुवातीला केवळ अक्षरांची ओळ असते, आणि तिच्या लांबीला निसर्गतः मर्यादा नसते. कोणीही पन्नास किंवा पाच हजार अंक लिहून पाठवू शकतो. प्रोसेसर ज्या पूर्णांकावर काम करतो त्याची रुंदी मात्र आधीच ठरलेली असते. ८ बिटांच्या अनसाइन्ड (म्हणजे ऋण संख्या न ठेवणाऱ्या) पूर्णांकात ० ते २५५, ३२ बिटांच्या अनसाइन्डमध्ये ० ते ४२९४९६७२९५ आणि ६४ बिटांच्या साइन्ड पूर्णांकात जास्तीत जास्त ९२२३३७२०३६८५४७७५८०७ मावतात. मजकुराकडून पूर्णांकाकडे जाताना या दोन जगांची सीमा ओलांडली जाते, आणि मूळ संख्या केवढी होती याची पूर्ण माहिती फक्त त्या सीमेवरच हाताशी असते. एकदा पलीकडे गेल्यावर उरतो तो फक्त ३२ किंवा ६४ बिटांचा ठसा, आणि त्याच्याकडे पाहून मूळ मजकुरात काय लिहिले होते ते सांगता येत नाही.

मजकुरातून संख्या उभी करण्याची रीत अगदी साधी आहे. मूल्य शून्यापासून सुरू करायचे, डावीकडून एकेक अंक घ्यायचा आणि दर वेळी

मूल्य = मूल्य × १० + अंक

एवढे करायचे. आता ‘३००’ हा मजकूर ८ बिटांच्या अनसाइन्ड पूर्णांकात वाचून पाहू. पहिल्या अंकानंतर मूल्य ३ होते आणि दुसऱ्यानंतर ३०. तिसऱ्या अंकाला ३० × १० + ० म्हणजे ३०० व्हायला हवे. पण ३०० ला ९ बिट लागतात, सर्वांत वरचा बिट टाकला जातो आणि हाती ३०० − २५६ म्हणजे ४४ उरतात. ना त्रुटी, ना इशारा. ३२ बिटांच्या बाबतीतही तेच घडते, फक्त आकडे मोठे असतात. ‘४२९४९६७३३८’ हा मजकूर तपासणी न करता ३२ बिटांत वाचला तर उत्तर ४२ येते, कारण ती संख्या ४२९४९६७२९६ पेक्षा बरोबर ४२ ने मोठी आहे.

ओव्हरफ्लोचा खरा त्रास या ४२ मध्ये आहे. उत्तर ऋण किंवा अवाढव्य आले असते तर पुढच्या एखाद्या तपासणीत ते अडकले असते. परंतु ४२ ही सभ्य, रोजच्या व्यवहारातली संख्या आहे. ‘आकार १०० पेक्षा जास्त नसावा’ अशी अट असेल तर ती या ४२ ला बिनदिक्कत आत सोडते. शिवाय तोच मजकूर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने ६४ बिटांत वाचला तर त्याला चार अब्जांहून मोठी संख्या दिसते, म्हणजे एकाच संदेशाचा अर्थ दोन ठिकाणी दोन प्रकारे लागतो. एक प्रोग्रॅम पहारा देत असेल आणि दुसरा प्रत्यक्ष काम करत असेल, तर अशा मतभेदाच्या फटीतूनच हल्लेखोर आत शिरतात.

मग ओव्हरफ्लो ओळखायचा कसा? पटकन सुचणारी तपासणी अशी असते की नवे मूल्य जुन्या मूल्यापेक्षा लहान झाले तर समजावे की ओव्हरफ्लो झाला. ही तपासणी इतक्या ठिकाणी आढळते की ती चुकीची आहे हे आकड्यांनिशी दाखवणे भाग आहे. वरच्याच उदाहरणात मूल्य ३० वरून ४४ झाले. ४४ हे ३० पेक्षा मोठे आहे, म्हणून तपासणी म्हणते की सारे ठीक आहे, आणि ओव्हरफ्लो तर होऊन गेलेला असतो. ३२ बिटांत ‘५०००००००००’ घेतला तरी हेच दिसते: शेवटच्या अंकाआधी मूल्य ५० कोटी असते, त्याला १० ने गुणून ५ अब्ज होतात आणि त्यातून ४२९४९६७२९६ गळून ७०५०३२७०४ उरतात. हे उत्तर आधीच्या ५० कोटींपेक्षा मोठे आहे. शिवाय ते धन आहे, त्यामुळे ‘उत्तर ऋण आले का’ ही दुसरी लोकप्रिय तपासणीही येथे निरुपयोगी ठरते. दोन अनसाइन्ड संख्यांच्या बेरजेपुरती ‘उत्तर लहान झाले का’ ही कसोटी खरोखरच बरोबर आहे आणि बहुधा तिथूनच ही सवय लागते. पण १० ने गुणताना मूल्य एका झटक्यात कमाल मर्यादेला अनेक फेऱ्या घालू शकते, म्हणून ती गुणाकाराला लागू पडत नाही.

अंक मोजण्याची युक्तीही एकटी पुरेशी नाही. २१४७४८३६४७ मध्ये १० अंक आहेत म्हणून १० अंकांपर्यंत चालेल असे म्हटले, तर ९९९९९९९९९९ आत शिरते. उलट, सुरुवातीला वीस शून्ये असलेली ४२ ही संख्या लांबीने मोठी असली तरी मूल्याने ४२ च आहे आणि तिला नाकारण्याचे कारण नाही. अंक मोजण्याचा उपयोग दुसऱ्या कामी होतो: ९ अंकांपर्यंतची कोणतीही संख्या ३२ बिटांच्या साइन्ड पूर्णांकात आणि १८ अंकांपर्यंतची कोणतीही संख्या ६४ बिटांच्या साइन्ड पूर्णांकात हमखास मावते, त्यामुळे तेवढ्या अंकांपर्यंत तपासणी न करता वेगाने जाता येते आणि त्यापुढच्या अंकांसाठीच काळजी घ्यावी लागते. वेगवान पार्सर हा मार्ग वापरतात.

नेमकी कसोटी गुणाकार करण्याच्या आधी लावायची असते, आणि ती लावताना स्वतः त्या कसोटीतच ओव्हरफ्लो होणार नाही हेही पाहायचे असते. ‘मूल्य × १० + अंक हे कमाल मर्यादेपेक्षा मोठे आहे का’ असे विचारून चालत नाही, कारण ते विचारण्यासाठी तो गुणाकार करावा लागतो. म्हणून असमानतेची बाजू बदलायची आणि विचारायचे:

मूल्य > (कमाल − अंक) ÷ १० ?

येथे भागाकार पूर्णांकी आहे, म्हणजे बाकी सोडून द्यायची. उत्तर होय आले तर पुढचा अंक घेताच संख्या मर्यादेबाहेर जाणार हे निश्चित, आणि नाही आले तर ती मावणार हेही तितकेच निश्चित. साइन्ड ३२ बिटांच्या अगदी काठावर हे पडताळून पाहता येते. मूल्य २१४७४८३६४ झाले आहे आणि पुढचा अंक ७ आहे असे समजू. (२१४७४८३६४७ − ७) ÷ १० म्हणजे २१४७४८३६४. मूल्य त्यापेक्षा मोठे नाही, म्हणून अंक घ्यायचा, आणि मिळते बरोबर कमाल संख्या. पुढचा अंक ८ असता तर (२१४७४८३६४७ − ८) ÷ १० चा पूर्णांकी भाग २१४७४८३६३ झाला असता, मूल्य त्याहून मोठे ठरले असते आणि आपण तिथेच थांबलो असतो. वजाबाकी आणि भागाकार या दोन्ही क्रिया मर्यादेच्या आतच राहतात, त्यामुळे कसोटी स्वतः कधीही घसरत नाही. संख्या सोळाच्या पायात लिहिलेली असेल तर १० च्या जागी १६ घालायचे. बाकी काहीही बदलत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे रुंद पूर्णांकात वाचणे. ३२ बिटांची संख्या हवी असेल तर बेरीज-गुणाकार ६४ बिटांत करावे आणि मर्यादा ३२ बिटांची तपासावी. हे सोपे आहे आणि बरोबरही आहे. मात्र तपासणी प्रत्येक अंकानंतर व्हायला हवी. फक्त शेवटी एकदा तपासले आणि मजकुरात पंचवीस अंक निघाले, तर खुद्द ६४ बिटांचा पूर्णांकच मधल्यामध्ये उलटतो, म्हणजे मर्यादा ओलांडून भलतेच मूल्य दाखवतो. आणि मुळात ६४ बिटांची संख्या वाचायची असेल तर त्याहून रुंद प्रकार सगळीकडे मिळेलच असे नाही.

तिसरा रस्ता हल्ली सर्वांत स्वच्छ वाटतो. गुणाकारात ओव्हरफ्लो झाला की नाही हे कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, प्रोसेसरच्या मदतीने स्वस्तात सांगू शकतो. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांत त्यासाठी अंगभूत फंक्शने आहेत, आणि सी भाषेच्या सी२३ या प्रमाणात ‘तपासून बेरीज’, ‘तपासून वजाबाकी’ व ‘तपासून गुणाकार’ अशा तीन सोयी अधिकृतपणे आल्या. रस्ट या भाषेत ‘चेक्ड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या क्रिया हेच करतात आणि मावले नाही तर रिकामे उत्तर देतात. लक्षात ठेवायचे ते इतकेच की गुणाकार आणि बेरीज या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत आणि दोन्ही तपासाव्या लागतात. ८ बिटांत २५ × १० = २५० मावते, पण त्यात ९ मिळवताच २५९ होतात.

ऋण संख्यांचा एक काटा येथे हमखास टोचतो. साइन्ड पूर्णांकाची व्याप्ती दोन्ही बाजूंना सारखी नसते: ८ बिटांत −१२८ ते १२७. त्यामुळे उणे चिन्ह बाजूला ठेवून ‘१२८’ आधी धन म्हणून वाचायचे आणि शेवटी चिन्ह लावायचे अशी रीत ठेवली, तर −१२८ ही पूर्णपणे वैध संख्या नाकारली जाते, कारण +१२८ मावत नाही. यावर एक देखणा उपाय आहे: संख्या धन बाजूने न उभारता ऋण बाजूने उभारायची, म्हणजे दर वेळी अंक मिळवण्याऐवजी वजा करायचा आणि मजकुरात उणे चिन्ह नसेल तरच शेवटी तिचे चिन्ह बदलायचे. ऋण बाजू एका आकड्याने अधिक प्रशस्त असल्याने सर्व वैध संख्या तिच्यात मावतात. जावाच्या प्रमाण लायब्ररीतील ‘पार्सइंट’ नेमके असेच चालते, आणि पहिल्यांदा तो कोड वाचणाऱ्याला ही उलटी चाल कोड्यात टाकते.

सी आणि सी प्लस प्लसमध्ये आणखी एक अडचण आहे. अनसाइन्ड पूर्णांक उलटला तर काय होईल हे या भाषांच्या नियमांत ठरलेले आहे. साइन्ड पूर्णांक उलटला तर काय होईल हे मात्र ठरलेलेच नाही, कारण ती क्रिया ‘अनडिफाइन्ड बिहेवियर’ या वर्गात मोडते. याचा व्यावहारिक अर्थ असा की साइन्ड ओव्हरफ्लो कधी होतच नाही असे गृहीत धरण्याची मुभा कंपायलरला आहे. एखाद्याने ‘क्ष + १ हे क्ष पेक्षा लहान आहे का’ अशी तपासणी साइन्ड संख्येवर लिहिली, तर कंपायलर म्हणतो की हे कधीच शक्य नाही, आणि ती तपासणी गुपचूप काढून टाकतो. चाचणीच्या वेळी, ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्यासाठी कंपायलर करतो ते बदल) बंद असताना, कोड बरोबर चालतो आणि प्रत्यक्ष वापरात पहारेकरीच गायब झालेला असतो. ओव्हरफ्लो झाल्यानंतर तपासण्यापेक्षा होण्याआधी तपासावे, या आग्रहामागे हे दुसरे आणि अधिक सबळ कारण आहे.

स्वतः पार्सर न लिहिता लायब्ररी वापरावी हा सल्ला योग्यच आहे, पण लायब्ररीचे बोलणेही ऐकून घ्यावे लागते. सीमधील ‘एटूआय’ हे फंक्शन मावत नसलेल्या संख्येबद्दल काहीही सांगत नाही. त्या परिस्थितीत त्याचे वर्तनच निश्चित नाही, म्हणून बाहेरून आलेल्या मजकुरासाठी ते वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ‘स्ट्रटोल’ अधिक जबाबदार आहे: संख्या फार मोठी असेल तर ते कमाल मूल्य परत देते आणि ‘एररनो’ या जागतिक चलात तशी नोंद करते. परंतु कमाल मूल्य ही स्वतः एक वैध संख्या असल्याने खरा निवाडा त्या नोंदीवरूनच होतो, आणि फंक्शन ती नोंद यशस्वी वाचनानंतर पुसत नाही. म्हणून बोलावण्याआधी ‘एररनो’ शून्य करायचा, नंतर तो तपासायचा आणि वाचन कुठे थांबले हे दाखवणारा पॉइंटरही पाहायचा. या तीनपैकी एखादी पायरी गळालेला कोड सर्रास आढळतो.

तिन्ही पायऱ्या पाळूनही चूक राहू शकते. ‘स्ट्रटोल’ जो ‘लाँग’ प्रकार देते तो ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा आणि ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा असतो. लिनक्सवर ‘४२९४९६७३३८’ हा मजकूर वाचला तर त्रुटी येत नाही, कारण तो ६४ बिटांत आरामात मावतो. मग ते उत्तर साध्या ३२ बिटांच्या चलात ठेवले जाते, वरचे ३२ बिट झडतात आणि आपण पुन्हा ४२ वर येऊन पोहोचतो. गो भाषेतही हीच चूक घडते: ६४ बिट सांगून संख्या वाचायची आणि पुढच्या ओळीत ती ३२ बिटांच्या प्रकारात बदलायची. तिथल्या फंक्शनला अपेक्षित रुंदी सांगण्याची सोय आहे. ती वापरली की मर्यादेची तपासणी योग्य जागी होते. अनसाइन्डसाठी असलेले ‘स्ट्रटोअल’ तर ‘−१’ हा मजकूरही विनातक्रार स्वीकारते आणि ६४ बिटांत १८४४६७४४०७३७०९५५१६१५ असे उत्तर देते. प्रमाणाप्रमाणे ते बरोबर आहे, पण वापरणाऱ्याच्या मनात ते क्वचितच असते.

नव्या भाषांनी या बाबतीत सुधारणा केली आहे. रस्ट आणि गो ‘मजकूरच चुकीचा आहे’ आणि ‘मजकूर बरोबर आहे पण संख्या मावत नाही’ या दोन त्रुटी वेगळ्या सांगतात. सी शार्पही दोन वेगळे अपवाद, म्हणजे त्रुटीचे संकेत, फेकते. जावा दोन्हींसाठी एकच अपवाद वापरते. वापरणाऱ्याला ‘कृपया संख्या लिहा’ असे सांगायचे की ‘संख्या फार मोठी आहे’ असे सांगायचे हे या फरकावर ठरते. व्यवस्थित संख्या लिहिलेल्या माणसाला पहिला संदेश दाखवणे त्याला वैताग आणणारे असते.

जावास्क्रिप्टची गोष्ट वेगळी आणि अधिक फसवी आहे, कारण तिथे संख्या उलटत नाही, तर झिजते. त्या भाषेतील नेहमीची संख्या ६४ बिटांची दशांश-बिंदू असलेली संख्या असते आणि तिच्यात पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच निःशंकपणे नेमका राहतो. त्यापुढे शेजारशेजारच्या संख्या एकमेकींत मिसळू लागतात. ‘९००७१९९२५४७४०९९३’ वाचला तर उत्तर ९००७१९९२५४७४०९९२ येते. एकाचाच फरक, संख्या एखादी मोजणी असती तर तो खपला असता, पण ती एखाद्या नोंदीचा ओळख क्रमांक असेल तर आपण दुसऱ्याच नोंदीला हात घातलेला असतो. ट्विटरचे ओळख क्रमांक ६४ बिटांचे झाले तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला, आणि त्यांनी आपल्या उत्तरांत तोच क्रमांक संख्येसोबत मजकूर म्हणूनही द्यायला सुरुवात केली. जेसन या माहितीच्या देवाणघेवाणीच्या मजकूर-साच्याचे प्रमाण लिहिणाऱ्या आरएफसी ८२५९ या इंटरनेट-नियमांच्या दस्तऐवजातही याच मर्यादेच्या आतल्या पूर्णांकांबाबत सर्वांचे एकमत गृहीत धरता येते असे म्हटले आहे. ‘बिगइंट’ हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार जावास्क्रिप्टमध्ये आहे, पण तो मूळ मजकुरापासून बनवावा लागतो; आधी साधी संख्या बनवून मग तिचे ‘बिगइंट’ केले तर झिजलेले अंक परत येत नाहीत.

मग सरळ अमर्याद पूर्णांकच का वापरू नयेत? पायथनमध्ये पूर्णांकाला रुंदीची मर्यादा नाही, मेमरी असेल तेवढी संख्या वाढते, त्यामुळे तिथे ओव्हरफ्लो होत नाही. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. दशमान मजकुरातून प्रचंड संख्या उभी करताना प्रत्येक पायरीला आतापर्यंतची संपूर्ण संख्या गुणावी लागते, त्यामुळे साध्या रीतीत अंक दुप्पट झाले की वेळ सुमारे चौपट होतो. कोणी लाखो अंकांची ओळ पाठवली तर सर्व्हर ती वाचण्यातच गुंतून पडतो. या कारणाने २०२२ मध्ये पायथनने मजकूर आणि पूर्णांक यांच्या परस्पर रूपांतरावर ४३०० अंकांची मर्यादा घातली. सोळाच्या किंवा दोनाच्या पायात लिहिलेल्या संख्यांना ती लागू नाही, कारण तिथे अंक थेट बिटांच्या गटांत बसतात आणि वेळ लांबीच्या प्रमाणातच वाढतो. मर्यादा नसलेल्या प्रकारालाही शेवटी मजकुराच्या लांबीची मर्यादा घालावी लागली.

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ. संख्या मावत नाही हे कळल्यावर नाकारायचे, कमाल मूल्यावर थांबायचे, मोठ्या प्रकारात वाचायचे की मजकूर तसाच ठेवायचा? एचटीटीपी या वेबवरील देवाणघेवाणीच्या नियमांच्या प्रमाणांत याचे फार बोलके उदाहरण सापडते. संदेशाचा मजकूर किती बाइटांचा आहे हे सांगणाऱ्या ‘कंटेंट-लेंग्थ’बद्दल आरएफसी ९११० बजावते की संख्या फार मोठी असू शकते हे धरून चालावे आणि रूपांतरातील ओव्हरफ्लोमुळे वाचनात चूक होऊ देऊ नये. येथे कमाल मूल्यावर थांबण्यात अर्थ नाही, कारण लांबी चुकली तर एक संदेश कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हेच बिघडते. त्याच एचटीटीपीमध्ये साठवलेले उत्तर किती सेकंद ताजे मानावे हे सांगणाऱ्या संख्येबाबत मात्र आरएफसी ९१११ नेमके उलटे सांगते: संख्या मावत नसेल तर २१४७४८३६४८ किंवा सोयीने मावेल ती सर्वांत मोठी संख्या धरावी. ६८ वर्षे आणि ६८ हजार वर्षे यांत साठवणीच्या दृष्टीने काहीच फरक नसल्याने हा व्यवहारी निर्णय आहे. एकाच प्रोटोकॉलमध्ये दोन संख्यांसाठी दोन वेगळी धोरणे आहेत आणि दोन्ही योग्य आहेत, कारण एक संख्या सीमा आखते आणि दुसरी केवळ ‘पुष्कळ’ असे सांगते.

लांबी चुकल्यावर काय होते हे २०१३ मध्ये एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये दिसले. तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या मजकुरात प्रत्येक तुकड्याचा आकार सोळाच्या पायात लिहिलेला असतो. काही आवृत्त्यांत खूप मोठा आकार लिहिला तर वाचल्यावर तो ऋण ठरत असे, ‘कमालपेक्षा लहान आहे’ ही अट ऋण संख्या साहजिकच पार करी, आणि पुढे मेमरीत ठरलेल्या जागेबाहेर लिहिले जाई. आकार दाखवणाऱ्या संख्या अनसाइन्ड प्रकारात ठेवाव्यात, किंवा साइन्ड ठेवल्यास दोन्ही टोके तपासावीत, ही शिस्त अशा घटनांतून आली आहे.

ओळख क्रमांक, खाते क्रमांक, दूरध्वनी क्रमांक यांच्यासाठी उत्तर बहुतेक वेळा सर्वांत सोपे असते: त्यांना संख्या बनवूच नये. ज्यांची कधी बेरीज किंवा गुणाकार होणार नाही त्यांना पूर्णांकात कोंबण्याचे प्रयोजन नाही, आणि मजकूर ठेवल्याने सुरुवातीची शून्येही शाबूत राहतात. एक्सचेंजच्या घटनेतील क्रमांकही असाच होता. त्याची फक्त तुलना व्हायची होती, आणि समान लांबीच्या अंकांच्या ओळींची तुलना मजकूर म्हणूनही अचूक होते.

वाचन बिनचूक झाले तरी त्यानंतर लगेच होणारा गुणाकार विसरता कामा नये. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘४ जीबी’ लिहिलेले असते, पार्सर ४ ही निरुपद्रवी संख्या वाचतो, आणि पुढची ओळ तिला १०७३७४१८२४ ने गुणते. ३२ बिटांत याचे उत्तर बरोबर शून्य येते. एककाचा गुणाकार हा वाचनाचाच भाग मानून त्यालाही तीच कसोटी लावली पाहिजे.

चाचण्या लिहिताना काही मोठी संख्या भरून पाहणे पुरेसे नसते. कमाल, कमाल अधिक एक, किमान आणि किमान उणे एक या चार संख्या तर हव्यातच. त्यांच्याबरोबर उलटून सभ्य दिसणारी ४२९४९६७३३८, जुन्या मूल्यापेक्षा मोठी होऊन निसटणारी ५०००००००००, सुरुवातीला शंभर शून्ये लावलेली लहान संख्या, नुसते उणे चिन्ह, रिकामी ओळ आणि काही हजार अंकांची ओळ यांचाही समावेश करावा. ८ बिटांचा पार्सर असेल तर −१००० पासून १००० पर्यंतची प्रत्येक संख्या तपासता येते, म्हणून कोड रुंदीवर अवलंबून न ठेवता लिहावा आणि तो आधी ८ बिटांवर पूर्णपणे पडताळावा. ६४ बिटांसाठी मग यादृच्छिक अंकांच्या ओळी तयार करून आपल्या पार्सरचे उत्तर अमर्याद पूर्णांकाच्या उत्तराशी ताडून पाहावे, आणि त्या ओळींपैकी बऱ्याचशा मुद्दाम १८ ते २१ अंकांच्या ठेवाव्यात, कारण चुका त्याच पट्ट्यात दडलेल्या असतात.